मागच्या रांगेचा फोकस

आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या घरात जा, सोप्याच्या भिंतीला तुळईखाली फ्रेमा लावलेल्या दिसतील. वरच्या बाजूनं जरा पुढं झुकलेल्या, मागं चिमण्यांनी काड्या खोचलेल्या. एखादा पटकेवाला म्हातारा, एखादं लग्नातलं जोडपं, तालमीतला लांघ कसलेला पैलवान, आणि हमखास एक ग्रुप फोटो. कधी सोसायटीचा, कधी भजनी मंडळाचा, कधी शाळेचा. नीट निरखून बघा. काही चेहरे असे की मिशीचा केस मोजावा. काही मात्र धुरातनं बघितल्यासारखे. घरचे लोक म्हणतात, फोटो जुना झाला, पुसट झाला. पण जुनेपणानं फोटो पिवळा पडतो, त्याला कसर लागते, डाग पडतात. धुरासारखा चेहरा असला तर तो पहिल्या दिवसापासूनच तसा असतो. त्या चेहऱ्यावर फोकस नव्हता, एवढंच त्याचं कारण.

मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी माणूस. पण १९८३ साली गुळाच्या पट्टीतनं उरलेल्या पैशांत एक जुना यशिका कॅमेरा घेतला आणि पुढं वीसेक वर्षं हातानं फोकस फिरवून गावातली माणसं टिपली. त्यामुळं ह्या फोकसचा इतिहास मला पुस्तकाइतकाच बोटांनीही कळलेला आहे. तो सांगावा असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात गोठ्यापासनं करू. पत्र्याला खिळ्याचं भोक असलं की दुपारी अंधाऱ्या गोठ्यात जमिनीवर एक गोल कवडसा पडतो. भोक वाकडंतिकडं असलं तरी कवडसा गोलच, कारण तो भोकाचा आकार नसतो, ते सूर्याचं चित्र असतं. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा आमच्या खालच्या अंगाला कर्नाटकातनं गेला, आमच्याकडं सूर्य पुष्कळ झाकला होता. तवा लिंबाच्या झाडाखाली पानांच्या फटीतनं शेकडो चंद्रकोरी जमिनीवर पडल्या होत्या. बायाबापड्या दारं लावून बसल्या, आम्ही चारदोन पोरं त्या कोरी बघत राहिलो. प्रत्येक फट म्हंजे एकेक कॅमेराच की.

बारक्या भोकाची एक गंमत अशी की त्यात फोकस करावाच लागत नाही. जवळचं, लांबचं सगळं सारखंच उमटतं. पण उजेड अगदी थोडा येतो. उजेड जास्त हवा तर भोक मोठं पाहिजे आणि भोक मोठं केलं की चित्र फिसकटतं. म्हणून तिथं भिंग बसवलं. भिंग पसरलेला उजेड गोळा करून एका जागी आणतं. पण त्याची एक अट असते. दहा फुटांवरच्या माणसाचा उजेड ते एका जागी गोळा करतं, पन्नास फुटांवरच्या झाडाचा दुसऱ्या जागी. लांबच्या वस्तूसाठी भिंग काचेच्या जवळ लागतं, जवळच्या वस्तूसाठी ते पुढं सरकवावं लागतं. हे सरकवणं म्हंजेच फोकस.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसाची फोटो काढायची रीत जाहीर झाली. पुढच्याच वर्षी हंगेरीच्या पेट्झवाल ह्या गणित्यानं माणसांचे फोटो काढण्यासाठी जास्त उजेड आत घेणारी लेन्स हिशोबानं मांडून दिली. तिच्यात मधला भाग धारदार यायचा आणि कडा विरघळल्यागत व्हायच्या. जुन्या फोटोंत मधला चेहरा ठसठशीत आणि बाजूचं सगळं फिरल्यासारखं दिसतं, ते ह्यामुळं.

त्या काळच्या फोटोवाल्याचं काम किती कठीण होतं ते ऐका. कॅमेऱ्याच्या मागं एक घासलेली, दुधाळ काच असायची. तिच्यावर चित्र पडायचं ते उलटं. पाय आभाळात आणि पटका जमिनीला. डोक्यावर काळं फडकं घेऊन, भिंगानं ती काच न्याहाळत फोकस धरायचा. मग ती काच बाजूला सारून त्याच जागी मसाला लावलेली प्लेट घालायची. १८५१ नंतर आली ती ओली प्लेट; ती ओली असेतोवरच फोटो काढायचा आणि धुवायचा. म्हंजे फोकस एकदा धरला की पुढं आंधळं काम. प्लेट घातल्यावर समोरचा माणूस वीतभर जरी पुढं झुकला तरी कळायला मार्ग नाही. म्हणून माणसाच्या मानेमागं लोखंडी टेकू लावायचे. जुन्या फोटोंत माणसं काठी गिळल्यासारखी ताठ का दिसतात, त्यामागं हे एक कारण आहे.

त्याहून वाईट म्हंजे डोळ्याला जे धारदार दिसायचं ते प्लेटवर धारदार यायचंच असं नाही. त्या काळचा मसाला फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला लागू पडायचा आणि माणसाचा डोळा पिवळ्या-हिरव्या उजेडात जास्त बघतो. साध्या भिंगातनं हे दोन्ही उजेड वेगवेगळ्या जागी गोळा होतात. त्यामुळं आधी डोळ्यानं फोकस धरायचा आणि मग अंदाजानं थोडा मोडायचा, तवा कुठं प्लेटवर बरोबर यायचं. पुढं लेन्सा सुधारल्या आणि ही कटकट गेली. पण सुरुवातीची माणसं डोळ्यानं बघून हिशोबानं दुरुस्ती करत होती, हे विसरू नये.

मुंबईत हे लवकर पोचलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला ठाऊक असतात. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले नावाजलेले फोटो काढणारे. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि तिथं शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढं मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवू लागले. म्हंजे कला पॅरिसला जाहीर झाल्यावर वीस वर्षांच्या आत आपली माणसं काळ्या फडक्याखाली डोकं घालून फोकस धरायला लागली होती.

दादासाहेब फाळक्यांचंही मूळ फोटोग्राफीतच. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय टिपलं? वाटाण्याचं रोप. कुंडीतला अंकुर कसा वाढतो ते एकेक चित्र घेत पडद्यावर हलतं करून दाखवलं, आणि ते बघून पैसा लावणारा माणूस तयार झाला. मग १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'. मला ह्या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. आम्ही जन्मभर अंकुर बघतो, पण एका जागी नजर खिळवून तो वाढताना बघायला फाळक्यांचा कॅमेरा लागला.

आणि आमच्या कोल्हापूरचं तर विचारूच नका. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ नाटकाचे पडदे रंगवायचे म्हणून त्यांना 'पेंटर' हे नाव पडलं. सिनेमाचा कॅमेरा आपणच करायचा असं त्यांनी मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांसारख्या सोबत्यांना घेऊन १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. आज खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे. लेथवर पितळ कातणाऱ्या माणसांनी केलेलं काम आहे ते. भिंग पुढंमागं सरकवणारा आटा किंचित ढिला राहिला तर सगळं चित्र गढूळ होतं. ज्यानं कधी मोटेचं चाक नाहीतर इंजिनाचा नोझल बसवलाय, त्याला ह्या कामाची किंमत कळंल.

मी प्रत्यक्ष काळं फडकं बघितलं ते १९७६ साली, दहावीच्या निरोपाला. तालुक्याहून फोटोवाला सायकलला तिपाई बांधून आला. लाकडी कॅमेरा, पुढं पितळी लेन्स, मागं भाता. आमच्या हेडमास्तरांच्या परवानगीनं त्यानं दोघातिघांना फडक्याखाली डोकावू दिलं. आत अंधार, आणि काचेवर अख्खी शाळा उलटी टांगलेली. ज्या गुरुजींच्या छडीनं आम्ही कापायचो ते वटवाघळागत लोंबकळत होते. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. फोटोवाल्यानं लेन्स हळूच पुढं सरकवली तशी ती गढूळ काच एकदम निवळली. पाण्यात तुरटी फिरवल्यावर तळ दिसावा तसं. गुरुजींच्या कोटाची बटणं दिसायला लागली. तो क्षण मी विसरलो नाही. फोकस म्हंजे काय हे मला पुस्तकातनं कधी एवढं कळलं नसतं.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

१९७१ साली गावात नदीवरनं पाणी उचलायची योजना झाली. माझे वडील तिचे सभासद. पाइपाच्या चरी खणायला ते आणि त्यांच्यासारखे पंधरावीस जण महिनामहिना राबले होते. उद्घाटनाचा ग्रुप फोटो ठरला. पाव्हणा पुढारी दुपारी तीनला यायचा तो सूर्य कलल्यावर आला. मग खुर्च्या मांडल्या. खुर्चीवर पाव्हणे, चेअरमन, गावातली मोठी मंडळी. त्यांच्या मागं उभी रांग आणि तिच्याही मागं बाकांवर चढलेली तिसरी रांग. चर खणणारे सगळे तिसऱ्या रांगेत. बायका फोटोत नव्हत्याच, त्या लांब भिंतीकडेला उभ्या होत्या. फोटोवाल्यानं फडक्याखाली डोकं घातलं आणि रीतीप्रमाणं खुर्चीवरच्या पाव्हण्याच्या तोंडावर फोकस धरला.

इथं थोडं तांत्रिक सांगणं भाग आहे. लेन्सच्या आतलं भोक लहानमोठं करता येतं. त्याचे आकडे असतात, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा जितका मोठा तितकं भोक लहान आणि एकेक आकडा पुढं गेलं की उजेड निम्मा. भोक लहान असलं की फोकस धरलेल्या माणसाच्या पुढचं आणि मागचंही बरंच धारदार येतं, गोठ्याच्या पत्र्यागत. भोक मोठं ठेवलं की एकच पातळ थर धारदार येतो, त्याच्या पुढंमागं सगळं विरतं. त्या संध्याकाळी उजेड सरत आलेला. फोटोवाल्याला भोक मोठं ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फोकस खुर्चीवर, थर पातळ, आणि तिसरी रांग त्या थराच्या बाहेर.

बारक्या फोटोत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सगळे ओळखू येत होते. पण १९७९ साली वडील गेले. त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. तो ग्रुप फोटो काढणाऱ्याकडनं प्लेट मिळवली आणि त्यातला त्यांचा चेहरा मोठा करून घेतला. मोठा केल्यावर कळलं की तिथं चेहरा नव्हताच, चेहऱ्याची सावली होती. डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग. मग स्टुडिओतल्या कारागिरानं चांगल्या मनानं ब्रशानं डोळे काढले, भुवया काढल्या, मिशीला आकडा दिला. फ्रेम करून घरी आणली. आईनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली,

"मिशी हाय, पटका हाय. पर डोळं त्यांचं न्हाईत रं बाळा. कुणाचं काढल्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. ती पुढं फ्रेमला रोज हार घालायची, पण बघायची पटक्याकडं.

हात हलल्यामुळं फोटो बिघडला असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं. कॅमेरा हलला की सगळीच माणसं एका बाजूला ओढल्यागत दिसतात. इथं पुढच्या रांगेतल्या पाव्हण्याच्या घड्याळाचे काटे दिसत होते, दुसऱ्या रांगेत चेहरे जरा मऊ, तिसऱ्या रांगेत विरलेले आणि मागचं चिंचेचं झाड म्हंजे नुसता डाग. चर खणणारे पंधरावीस जण त्या एका फोटोत असे गेले. त्यातल्या बऱ्याच जणांचा जन्मात तेवढाच फोटो. जुने ग्रुप फोटो मी पुढं पुष्कळ गावांत बघितले. मानाप्रमाणं रांगा, आणि रांगेप्रमाणं फोकस. फोटोवाला काही कुणाचा वैरी नसतो. पैसे देणारा पुढं बसतो, त्याचं तोंड नीट यावं एवढंच तो बघतो. पण त्यामुळं गावाच्या इतिहासातली अर्धी माणसं धुरात राहिली.

यशिका घेतल्यावर तालुक्यातल्या एका स्टुडिओवाल्यानं मला शिकवलं. त्या कॅमेऱ्याला दोन डोळे, एकावर एक. वरच्या भिंगानं बघायचं, खालच्यानं फोटो निघतो. छातीशी धरून वरनं विहिरीत डोकावल्यागत बघायचं. चित्र सुलटं दिसतं पण डावंउजवं बदलतं. माणूस उजवीकडं सरकला की काचेवर डावीकडं जातो. सुरुवातीला नांगराला नवा बैल जुंपल्यागत होतं, मग सवय लागते. एका रोळात बारा फोटो. डाव्या हाताला फोकसचं चाक.

तो म्हणायचा, "पावणं, सगळं सोडा, आधी माणसाचा डोळा धरा. डोळा धारंवर आला की नाक-कान थोडं सुटलं तरी चालतंय." त्यानं दिलेली शिस्त अशी. झाकणातलं बारकं भिंग उघडून काच जवळनं बघायची. गुळगुळीत गालावर फोकस कळत नाही, कडा शोधायची. पापणी, कुंकवाची कड, पटक्याची शेव, चष्म्याची काडी. चाक फिरवत जायचं, धार आली तरी थांबायचं नाही, थोडं पुढं जाऊन ती मोडू द्यायची, मग मागं यायचं, परत थोडं मोडायचं. दर खेपेला झोका लहान करत मधोमध थांबायचं. चढ-उतार दोन्हीकडनं बघितल्याशिवाय माथा कळत नाही, तसं. आणि एकदा धरला की आपण हलायचं नाही. पुष्कळांचं इथंच चुकतं, फोकस धरून बटण दाबताना माणूस पुढं वाकतो.

ग्रुपचा नियमही त्यानंच सांगितला. तीन रांगा असतील तर पहिलीवर फोकस धरू नको, दुसरीवर धर आणि भोक ११ किंवा १६ वर ने. फोकसच्या पुढं जेवढं धारदार येतं त्यापेक्षा मागं जास्त येतं. यशिकात वरच्या भिंगाचं भोक कायम उघडं असतं, त्यामुळं काचेवर मागची रांग विरलेली दिसली तरी भिऊ नये. खालचं भोक बारीक केलंय हे ध्यानात ठेवायचं. जत्रेत, बैलांच्या शर्यतीत फोकस धरायला सवडच नसते. तिथं पावलं मोजून ठेवायची. शर्यतीच्या वाटेवर एक खूण करायची, त्या खुणेवर आधीच फोकस लावायचा आणि गाडी खुणेवर आली की बटण. पस्तीसच्या रोळाच्या कॅमेऱ्यात पन्नासची लेन्स असली आणि भोक १६ वर नेऊन अंतर साडेपाच मीटरच्या आसपास लावलं, तर पावणेतीन मीटरपासनं पार डोंगरापर्यंत सगळं बऱ्यापैकी येतं. त्या आकड्यांच्या शेवटी आडव्या आठासारखी एक खूण असते, ती लांबवरच्यासाठी. नवखी माणसं चाक तिथंच ठेवून देतात आणि मग जवळची माणसं विरतात.

मी ठरवलं होतं की गावात ज्यांचा फोटोच नाही त्यांचे आधी काढायचे. म्हाताऱ्या बायका पहिल्या. खुरपं खाली ठेवून उंबऱ्यावर बसायला तयार करणं हेच मोठं काम. "माझा कशाला काढतोस, पोरांचा काढ," असं प्रत्येकीचं. पदर सारखा करायच्या, चेहरा कडक करायच्या. मी चाक फिरवत वेळ काढायचो. दोन मिनिटांत त्या कंटाळून कॅमेरा विसरायच्या, जावेशी बोलायला लागायच्या, आणि तेवढ्यात डोळ्यांत नेहमीची माणूस परत यायची. तवा बटण दाबायचो. हातानं फोकस धरायला लागतो तो वेळ मला कधी वाया गेला असं वाटलं नाही. आईचाही तसाच काढला, जात्याशेजारी. १९९१ साली ती गेली. तिच्या फोटोत डोळे तिचेच आहेत, त्यात भिंत आणि दार उजव्या-डाव्या जागी आहेत आणि कपाळावरचं गोंदण मोजता येतं.

१९७७ साली आपोआप फोकस धरणारा पहिला छोटा कॅमेरा बाजारात आला, कोनिकाचा. १९८५ मध्ये मिनोल्टानं बदलत्या लेन्सांच्या मोठ्या कॅमेऱ्यात तेच आणलं. आमच्याकडं ते पोचायला आणखी दहाएक वर्षं गेली. मध्ये आगफा क्लिक थ्री आणि तसल्या साध्या डब्यांचा जमाना होता. त्यात फोकस धरायची भानगडच नव्हती. भोक बारीक, अंतर ठरलेलं, दोनतीन मीटर लांब उभं राहा आणि दाबा. आता सगळं फोनवर. फोनमधलं यंत्रही पुष्कळदा तेच करतं जे माझं बोट करायचं. भिंग थोडं पुढं, थोडं मागं, आणि कडा जिथं सगळ्यात ठळक तिथं थांब. फक्त ते डोळा मिटायच्या आत होतं.

त्याचा मला आनंदच आहे. आज माझ्या सुनेच्या फोनमध्ये तिच्या माहेरच्या मजूर बायांचे जेवढे धारदार चेहरे आहेत तेवढे साऱ्या तालुक्याच्या जुन्या फ्रेमांत नसतील. पण यंत्राला माणूस कोणता महत्त्वाचा हे कळत नाही. ते जवळचं तोंड धरतं. उसाच्या पाल्याआडनं फोटो काढला तर पाला धरतं, माणूस सोडतं. अंधारात लग्नाच्या वरातीत चाचपडत राहतं. अशा वेळी ज्याचा चेहरा हवा त्याच्यावर बोट ठेवा. बऱ्याच फोनमध्ये हातानं फोकस फिरवायची सोयही असते. एकदा उघडून बघा.

आणि गावात ग्रुप फोटो काढाल तवा एवढं करा. उजेड असतानाच काढा, पाव्हणा उशिरा येणार असला तर त्याच्यावाचून एक काढून ठेवा. दोन रांगांवर तिसरी करू नका. करायचीच तर मधल्या रांगेवर फोकस धरा. भिंतीकडेला उभ्या असलेल्या बायांना आत बोलवा. एक फोटो मागची रांग पुढं बसवून काढा. कागदावर छापून घ्या आणि मागं पेन्सिलनं सगळ्यांची नावं लिहा, डावीकडनं उजवीकडं, कडेच्या पोरापर्यंत.